शंका-समाधान : लहान पाणबुडीत दाब कोण सोसतो?

एक-दोन माणसांसाठी बांधलेल्या लहान पाणबुड्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. एक खुलासा आधीच केलेला बरा. मराठीत ‘पाणबुड्या’ हा शब्द बुडी मारणाऱ्या माणसालाही लावतात आणि पाणबुडीचे अनेकवचनही तेच होते. घोटाळा होऊ नये म्हणून उत्तरांमध्ये माणसाला ‘डायव्हर’ म्हटले आहे.

प्रश्न : खासगी वापराच्या पाणबुड्यांविषयी वाचताना ‘ओली’, ‘कोरडी’ आणि ‘अर्धकोरडी’ असे शब्द येतात. आतला माणूस भिजतो की नाही, एवढाच हा फरक आहे का?

उत्तर : अंग भिजणे ही त्यातली वरवरची गोष्ट आहे. या तीन नावांमागचा खरा प्रश्न असा, की बाहेरच्या पाण्याचा दाब कोण सोसतो : पाणबुडीचे कवच की आत बसलेल्या माणसाचे शरीर? समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर हवेचा एक वातावरण दाब असतोच, तेव्हा १० मीटरवर तो दुप्पट, २० मीटरवर तिप्पट आणि ३० मीटरवर चौपट होतो. हा दाब कुठेतरी तोलावाच लागतो, आणि तो कुठे तोलला आहे यावरून पाणबुडीच्या कवचाची जाडी, तिचे वजन, तिची खोलीची मर्यादा आणि तिच्यात बसणाऱ्याला लागणारे प्रशिक्षण या साऱ्या गोष्टी ठरतात.

ओल्या पाणबुडीच्या आत पाणीच भरलेले असते. बसणारा माणूस पाठीवरच्या किंवा वाहनातच बसवलेल्या सिलिंडरमधून श्वास घेतो आणि त्याच्या अंगावर बाहेरच्याइतकाच दाब असतो. कवचाच्या दोन्ही बाजूंना पाणी असल्यामुळे ते पातळ फायबरग्लासचे असले तरी चालते, कारण वेगात जाताना अंगावर येणारा प्रवाह अडवणे एवढेच त्याचे काम असते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या नौदलाने वापरलेल्या वाहनांना तर असे कवचही नव्हते. लांबट टॉर्पेडोवर दोन माणसे घोड्यावर बसावे तशी बसत. डिसेंबर १९४१ मध्ये अशा तीन वाहनांवरून सहा जण अलेक्झांड्रिया बंदरात शिरले आणि त्यांनी ब्रिटिशांच्या दोन मोठ्या युद्धनौका निकामी केल्या.

कोरड्या पाणबुडीत दाब कवच सोसते. झाकण लावताना आत जी हवा असते तिचा दाब शंभर मीटरवर गेल्यावरही तेवढाच, म्हणजे एक वातावरण राहतो. माणूस साध्या कपड्यांत बसतो, नेहमीसारखा श्वास घेतो आणि वर आल्यावर लगेच बाहेर पडतो. शरीराच्या दृष्टीने तो खाली गेलेलाच नसतो.

अर्धकोरडी पाणबुडी या दोहोंच्या मधली वाटते, पण तशी ती नाही. तिची कल्पना समजण्यासाठी पेला उपडा धरून बादलीत सरळ खाली दाबावा. पेल्यात हवा अडकून राहते आणि पाणी काठाशीच थांबते. अर्धकोरड्या पाणबुडीचा तळ असाच उघडा असतो. माणसाचे डोके आणि छाती हवेत असतात, पायांशी पाणी डुचमळत असते, आणि ते पाणी वर चढू नये म्हणून सिलिंडरमधून हवा सोडत राहावी लागते. कपडे कोरडे राहिले तरी आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतकाच असतो, त्यामुळे सारा भार शरीरावरच येतो. दाबाच्या हिशेबात ही ओलीच पाणबुडी आहे, आणि हे न समजल्यामुळे होणारी चूक किती महागात पडू शकते ते पुढच्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र मिळून अर्धकोरडी पाणबुडी बांधण्याच्या विचारात आहोत. जाड पोलाद लागत नाही, खर्च कमी येतो, आणि जायचे तर फक्त २० मीटरपर्यंतच आहे. आमच्यापैकी एकाला स्कूबाचे, म्हणजे हवेचे सिलिंडर घेऊन बुडी मारण्याचे, प्रशिक्षण आहे. सुरुवात करण्यासाठी हाच प्रकार सर्वांत सुरक्षित म्हणायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे, आणि ती मी स्पष्ट शब्दांत नोंदवतो. बांधायला सोपा प्रकार चालवायलाही सोपा असेल, असा आपला समज पत्रातून दिसतो. येथे नेमके उलटे आहे.

समजा, आपल्या कक्षात पृष्ठभागावर १००० लिटर हवा मावते. आपण हवा न सोडता १० मीटर खाली गेलात, तर दाब दुप्पट झाल्यामुळे तिचे आकारमान ५०० लिटर उरेल आणि उरलेली जागा पाणी घेईल. त्याबरोबर पाणबुडीला वर उचलून धरणारे प्लावक बल सुमारे ५०० किलोंनी घटेल. म्हणजे पाणबुडी जितकी खाली जाईल तितकी जड होत जाईल, आणि जड झाल्यामुळे आणखी वेगाने खाली जाईल. कोरड्या पाणबुडीचे कवच ताठ असल्यामुळे तिचे आकारमान जवळपास बदलत नाही, त्यामुळे तिला एकदा तोलून धरली की ती बरीचशी तशीच राहते. आपल्या पाणबुडीला प्रत्येक मीटरला नव्याने तोलावे लागेल, आणि त्यासाठी व्हॉल्व्हवरचा हात क्षणभरही सोडता येणार नाही.

आता हवेचा हिशेब पाहू. २० मीटरवर तीच १००० लिटरची जागा हवेने भरलेली ठेवायची, तर पृष्ठभागावरच्या मापाने आणखी २००० लिटर हवा सोडावी लागते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण) दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. म्हणजे जवळजवळ एक अख्खे सिलिंडर केवळ पाणी पायांशी थांबवण्यात संपले, श्वासासाठीची हवा वेगळीच. पुन्हा थोडे वर येऊन खाली गेलात तर वर येताना फुगलेली हवा तळातून निसटलेली असते, ती पुन्हा भरावी लागते.

वर येण्याचा धोका तर याहून मोठा आहे. पाणबुडी सुटून वेगाने वर निघाली आणि आतल्या कोणी घाबरून श्वास रोखून धरला, तर २० मीटरवर छातीत घेतलेली हवा पृष्ठभागापर्यंत तिप्पट फुगू पाहते. फुप्फुसे फाटण्यासाठी एवढे फुगणे लागतही नाही. सर्वांत मोठा फरक शेवटच्या १० मीटरांत पडतो, कारण तेथे आकारमान दुप्पट होते, आणि नेमके तेव्हाच आतल्या माणसाला वाटत असते की आता आपण सुटलो. दाबाखाली रक्तात आणि पेशींत विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडून होणारा विकार, ज्याला डायव्हर ‘बेंड्स’ म्हणतात, तोही खुर्चीत बसलेल्या माणसाला सोडत नाही.

शेवटचा मुद्दा उच्छ्वासाचा. कक्षातली हवाच श्वासासाठी वापरणार असाल, तर तीत साठणारा कार्बन डायऑक्साइड दाबाच्या पटीत त्रास देतो. २० मीटरवर १ टक्का कार्बन डायऑक्साइड शरीराला पृष्ठभागावरच्या ३ टक्क्यांसारखा जाणवतो. डोके दुखू लागते, श्वास जलद होतो आणि विचार मंदावतात, आणि व्हॉल्व्हवरचा तो हात त्याच विचारांच्या भरवशावर असतो.

म्हणून तिघांनीही आधी स्कूबाचे पूर्ण प्रशिक्षण घ्यावे. एकाला येते आणि दोघांना येत नाही, अशा तिघांनी या पाणबुडीत बसू नये. प्रशिक्षण झाल्यावर आधी साधी ओली पाणबुडी बांधा. तिच्यात हवेचा मोठा कप्पा नसतो, त्यामुळे वर सांगितलेला तोल बिघडण्याचा धोका फारच कमी होतो, आणि यंत्र बंद पडले तर डायव्हर ते सोडून पोहत वर येऊ शकतो.

प्रश्न : एका माणसाची कोरडी पाणबुडी आकाराने लहान दिसते, तरी तिचे वजन मोटारीएवढे का असते? हलक्या धातूची का करत नाहीत?

उत्तर : हलक्या धातूची केली तर ती बुडणार नाही. एक घनमीटर समुद्राचे पाणी सुमारे १०२५ किलो भरते. माणूस, बॅटऱ्या, सिलिंडर आणि उपकरणे धरून पाणबुडीने दीड घनमीटर पाणी बाजूला सारले, तर पाण्याखाली जाण्यासाठी तिचे वजन दीड टनाहून थोडे जास्त असावेच लागते, मग ते कवचात असो वा शिशाच्या ठोकळ्यांत. आर्किमिडीजच्या तत्त्वातून पळवाट नाही. ओली पाणबुडी आत पाणी घेत असल्याने जमिनीवर हलकी असते, आणि तीच तिची मोठी सोय आहे.

प्रश्न : कोरड्या पाणबुड्यांमध्ये कोणी पोलादी नळकांडे वापरतो, कोणी पारदर्शक गोल, तर काहींना विमानासारखे पंख दिसतात. हे केवळ रूपाचे भेद आहेत की कामाचे? आणि कार्बन फायबर इतका मजबूत असताना टायटॅनिक पाहायला निघालेली ‘टायटन’ पाणबुडी का फुटली?

उत्तर : कामाचे आहेत. पोलादी नळकांडे हा घरगुती बांधणीचा जुना आणि विश्वासाचा आकार आहे. पत्रा गुंडाळून वेल्डिंग करता येते, आत पाय लांब करून बसता येते, आणि वर झाकणाचा लहान बुरूज ठेवला की झाले. अमेरिकेचे निवृत्त नौदल अधिकारी जॉर्ज किट्रेज यांनी १९७०च्या दशकात लोकप्रिय केलेली के-२५० ही एका माणसाची पाणबुडी याच घराण्यातली. नावातला आकडा तिची २५० फुटांची, म्हणजे सुमारे ७५ मीटरची मर्यादा सांगतो. मात्र नळकांड्याचा एक स्वभाव ध्यानात ठेवला पाहिजे. बाहेरचा दाब वाढत गेला की ते चेचले जाण्याआधी एका बाजूने पिचकते, आणि त्याची गोलाई किंचित जरी बिघडलेली असेल तरी ही ताकद बरीच घटते. म्हणून आतून कड्यांचा आधार देतात आणि गोलाई काटेकोरपणे मोजतात. वेल्डिंग डोळ्यांना छान दिसते, यावर येथे समाधान मानू नये.

गोल हा दाबासाठी सर्वांत चांगला आकार आहे. त्रिज्या आणि जाडी तीच ठेवली, तर गोलाच्या भिंतीवरचा ताण नळकांड्याच्या भिंतीवरच्या सर्वाधिक ताणाच्या निम्मा असतो. फार खोल जाणाऱ्या पाणबुड्या त्यामुळेच आतून गोल असतात. ‘ट्रायटन’ या कंपनीच्या पाणबुड्यांच्या मॉडेलच्या नावांतून खोलीही कळते आणि माणसेही. ३३००/३ म्हणजे ३३०० फूट आणि तीन माणसे, तर ३६०००/२ म्हणजे ३६००० फूट आणि दोन माणसे. यांतील दुसरीचा टायटॅनियमचा गोल ९० मिलिमीटर जाड आहे, आणि तिच्यातून २०१९ मध्ये अमेरिकन साहसवीर व्हिक्टर व्हेस्कोवो समुद्रातल्या सर्वांत खोल जागेच्या, चॅलेंजर डीपच्या, तळाशी जाऊन आले. पहिलीचा गोल ॲक्रिलिकचा आहे. या पदार्थात प्रकाश पाण्यातल्यासारखाच, थोडासाच जास्त, वळतो, त्यामुळे पाण्याखाली गेल्यावर भिंत नजरेआड होते आणि आपण पाण्यातच बसलो आहोत असे वाटते. समुद्र पाहण्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही, असे माझे मत आहे. पण ॲक्रिलिक म्हातारे होते. ऊन, चुकीचे द्रावण, ओरखडे आणि वारंवार चढउतरणारा दाब यांनी त्यात केसासारख्या बारीक चिरा पडतात. म्हणून त्याचे आयुष्य वर्षांतही मोजतात आणि बुड्यांच्या संख्येतही, आणि यांपैकी जे आधी संपेल ते मानतात.

पंखांच्या पाणबुड्यांचा विचार वेगळा आहे. ब्रिटिश अभियंता ग्रॅहम हॉक्स यांच्या ‘डीप फ्लाइट’ मालिकेतल्या पाणबुड्या पाण्यापेक्षा किंचित हलक्या ठेवलेल्या असतात. विमानाचे पंख त्याला वर उचलतात, तर हे पंख तिला खाली रेटतात. पुढे जाण्याचा वेग आहे तोवरच ती खाली राहते, आणि यंत्र थांबले की आपोआप वर येते. ही सुरक्षेची मोठी जमेची बाजू आहे, पण एखाद्या प्रवाळाजवळ किंवा माशाजवळ थांबून निरीक्षण करायचे असेल तर ती उपयोगाची नाही. त्यासाठी टाक्यांत पाणी कमी-जास्त करून जागच्या जागी तरंगणारी पाणबुडीच हवी. फ्रेंच सागर संशोधक जॅक कूस्तो यांच्या चमूने १९५९ मध्ये पाण्यात उतरवलेली, बशीच्या आकाराची ‘डेनिस’ ही अशा निवांत निरीक्षणासाठीच होती. तिच्यात दोन माणसे पालथी झोपून खिडकीतून पाहत, आणि पाण्याच्या झोतांवर ती सावकाश फिरे.

आता ‘टायटन’विषयी. कार्बनचे धागे ओढले जाताना विलक्षण मजबूत असतात. विमानात किंवा आतून दाब असलेल्या सिलिंडरमध्ये हा गुण उपयोगी पडतो. पाणबुडीत दाब बाहेरून येतो, धागे दाबले जातात, आणि थर एकमेकांपासून सुटू लागले तर ते वरून दिसत नाही. प्रत्येक बुडीगणिक आत साठत जाणारे नुकसान पोलाद किंवा टायटॅनियमइतक्या खात्रीने तपासता येत नाही. ‘टायटन’चे नळकांडे कार्बन फायबरचे होते, टोके टायटॅनियमची होती, आणि जहाजांची सुरक्षितता तपासणाऱ्या कोणत्याही वर्गीकरण संस्थेने ती प्रमाणित केलेली नव्हती. १८ जून २०२३ रोजी टायटॅनिकच्या अवशेषांकडे जाताना ती चेचली गेली आणि पाच जणांचा जीव गेला. हा सारा अपघात टाळता येण्याजोगा होता, ही गोष्ट मनातून जात नाही.

प्रश्न : कोरड्या पाणबुडीची बॅटरी संपली किंवा ती कुठे अडकली, तर झाकण उघडून पोहत वर येता येईल ना?

उत्तर : नुसते झाकण ढकलून अगदी उथळ पाण्यातही नाही. झाकणाचा व्यास ६० सेंटिमीटर धरा. डोक्यावर फक्त एक मीटर पाणी असले तरी त्यावर सुमारे २९० किलोंचा भार पडतो. १० मीटरवर तो सुमारे २.९ टन होतो आणि १०० मीटरवर २९ टन. आतून खांदा लावून उचलण्याची ही गोष्ट नाही. कक्षात पाणी घेऊन दोन्हीकडचा दाब सारखा केल्यावरच झाकण हलते. उथळ पाण्यात, सराव केलेल्या माणसाला शेवटचा उपाय म्हणून हे शक्य असते.

म्हणूनच चांगल्या पाणबुडीत वर येण्याचे मार्ग एकमेकांवर अवलंबून नसतात. टाक्यांतले पाणी दाबाच्या हवेने बाहेर ढकलता येते. तेवढ्याने भागले नाही तर तळाला लावलेले शिशाचे वजन आतून हाताने, विजेशिवाय, सोडून देता येते. ते वजन सुटते की नाही हे कागदावर न मानता दर हंगामात पाण्यात सोडून पाहावे.

तरीही पाणबुडी अडकलीच, तर पुढचा सारा खेळ हवेचा असतो, आणि येथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. माणूस ऑक्सिजन संपून मरेल असे वाटते, पण त्याआधी कार्बन डायऑक्साइड गाठतो. दोन घनमीटर बंद हवेत शांत बसलेला माणूस साधारण तासाभरात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण १ टक्क्यापर्यंत नेतो. तेवढ्या वेळात ऑक्सिजन २१ वरून २० टक्क्यांच्या आसपास येतो, आणि तो फरक जाणवतही नाही. म्हणून सोडा लाइम किंवा लिथियम हायड्रॉक्साइडसारखा, कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा शोषक हा ऑक्सिजनच्या सिलिंडरइतकाच महत्त्वाचा आहे. प्रमाणित पाणबुड्यांत अडचणीच्या वेळेसाठी साधारणपणे ९६ तासांची तरतूद असते.

जून १९७३ मध्ये फ्लोरिडाजवळ ‘जॉन्सन सी लिंक’ ही पाणबुडी एका बुडवलेल्या जहाजाच्या सांगाड्यात अडकली. पुढे ॲक्रिलिकचा गोल होता आणि मागे ॲल्युमिनियमचा कक्ष. दोन्हींत दोन-दोन माणसे होती. ॲल्युमिनियममधून ऊब झरझर बाहेर गेली, मागचा कक्ष थंड पडला, आणि थंडीत शोषकाचे काम मंदावले. ॲक्रिलिकने ऊब धरून ठेवली. एक दिवसाहून अधिक काळाने पाणबुडी वर काढली तेव्हा पुढचे दोघे जिवंत होते, मागचे दोघे गेले होते. एकाच पाणबुडीत, एकाच खोलीवर, भिंतीच्या पदार्थाने हा फरक केला. त्याच वर्षी ऑगस्टअखेर आयर्लंडजवळ ‘पायसिस थ्री’ सुमारे ४८० मीटर खोल तळाशी गेली. तिच्यातले दोघे तीन दिवसांहून अधिक काळ जवळपास न हलता, न बोलता पडून राहिले, आणि दुसऱ्या एका पाणबुडीने व दुरून चालवलेल्या एका मानवरहित यंत्राने दोर अडकवल्यावर जिवंत वर आले. ऊब, शोषक आणि शांत पडून राहणे या तिन्हींचा विचार बांधणीच्या आराखड्यापासूनच करायला हवा.

प्रश्न : शार्कच्या आकाराच्या, पाण्यातून उसळी मारणाऱ्या बोटींना पाणबुडी म्हणावे का? आणि माणसाला मावेल अशी सर्वांत लहान पाणबुडी कोणती?

उत्तर : त्या उसळत्या बोटींचे इंजिन पेट्रोलचे असते आणि ते वरच्या नळीतून हवा घेते. त्या एक-दोन मीटर बुडी मारून पुन्हा वर येतात, त्यामुळे त्यांना पाणबुडी म्हणणे ठीक नाही. ज्यांच्या तळमजल्यावर खिडक्या असतात, पण जे कधीच पूर्ण बुडत नाहीत, अशा पर्यटकांच्या जहाजांचीही तीच गोष्ट.

सर्वांत लहान कोरडी पाणबुडी अंगात घालावी लागते. ‘जिम’ या नावाने ओळखला जाणारा धातूचा पोशाख म्हणजे सांध्यांना वाकणारे, आत एकाच वातावरणाचा दाब राखणारे कवच होय. १९७९ मध्ये समुद्रशास्त्रज्ञ सिल्व्हिया अर्ल तो घालून हवाई बेटांपैकी ओआहूजवळ ३८१ मीटर खोल उतरल्या. एका लहान पाणबुडीने त्यांना तळापर्यंत नेले, आणि त्यानंतर सुमारे अडीच तास त्या समुद्राच्या तळावर चालत होत्या. पृष्ठभागाशी जोडणारा दोर त्यांना नव्हता. खाली नेणाऱ्या पाणबुडीशी बोलण्यापुरती एक तार होती, तेवढीच.